ताण धरा, काकू

आमच्या मागच्या गल्लीतल्या पार्लरमध्ये आयब्रोला चाळीस रुपये पडतात. वेळ सात मिनिटं, त्यातली दोन ताईच्या मुलाच्या शाळेची. ती कपाळावर पावडर थापते, रिळाचा दोरा काढते, एक टोक दातात धरते, बोटांवर पीळ घालते आणि म्हणते, "ताण धरा, काकू." मी एका हाताने कपाळ वर ओढते, दुसऱ्याने पापणी खाली. डोळ्यातून पाणी येतं, एक शिंक येते, शिंकेपुरता दोरा थांबतो. मग हातात आरसा. आरशात बघून "छान" म्हणायचं, चाळीस ठेवायचे, पायात चप्पल सरकवायची. पंचवीस वर्षांच्या या व्यवहारात कुणी कुणाला फसवलेलं नाही. केस होता, गेला. वीस दिवसांनी तो परत येतो, त्याच्यामागून मी.

गेल्या महिन्यात भाचीने वाढदिवसाला एका स्पाचं व्हाउचर दिलं. "आत्या, स्वतःसाठी वेळ काढ गं." स्वतःसाठी वेळ काढायला दुसऱ्याच्या दुकानात का जायचं, हे विचारायची सोय नव्हती, प्रेमाने दिलं होतं. गेले.

आत गवती चहाचा वास, पण चहा नाही. काचेच्या भांड्यात पाणी आणि पाण्यात काकडीच्या चकत्या, जणू कोशिंबीर करायला घेतली आणि कुणाचा तरी फोन आला. एका मुलीने फॉर्म दिला. तुमचे स्किन कन्सर्न्स लिहा. मी लिहिलं, काही नाही. तिने वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि आजारी माणसाशी बोलावं तशा आवाजात म्हणाली, "काही नाही असं नसतं, मॅम."

इथे खरं तर उठायला हवं होतं. पण व्हाउचर परत होत नाही.

मग मला एका पांढऱ्या पेटीत तोंड घालून बसवलं. हनुवटी टेकवा, डोळे मिटा. तीन वेळा लखलख झालं आणि समोरच्या पडद्यावर माझा गाल आला. चंद्रयान-३ला अशी जागा दिसली असती तर ते न उतरताच परत फिरलं असतं. खड्डे, डाग, आणि अतिनील प्रकाशात घेतलेल्या फोटोत नारिंगी ठिपक्यांची दिवाळी. "हे पोर्फिरिन, मॅम. बॅक्टेरिया." आवाज असा, की मी ते गेल्या आठवड्यात आठवडी बाजारातून पिशवीत घालून आणले. हे जिवाणू सगळ्यांच्याच तोंडावर असतात, तेलकट रंध्रांत सुखाने नांदतात, आणि त्यांनी तयार केलेलं पोर्फिरिन त्या प्रकाशात चमकतं. त्या पेटीत कुणीही तोंड घातलं तरी थोडीफार रोषणाई व्हायचीच.

पडद्याच्या कोपऱ्यात आकडा होता: स्किन एज ५८. माझं वय ५४. म्हणजे माझी त्वचा माझ्या आधी चार वर्षं जन्मली आणि मी येईपर्यंत एकटीच कुठेतरी उन्हात फिरत होती.

"तुमचं किती दाखवतं?" मी विचारलं.

"एकतीस."

"आणि आहे किती?"

"तेवीस, मॅम." मग तीही हसली. पण पुढच्याच क्षणाला नोकरी आठवली आणि तिने पुढचा फोटो लावला.

पूर्वी दुखणं आपण घेऊन जायचो आणि औषध तिथे मिळायचं. आता दुखणंही तिथेच मिळतं, तेही फुकट. पैसे फक्त औषधाचे.

"आतापर्यंत फेसला काय वापरत होता?"

"साबण."

शांतता. मागे वाजणारी बासरीसुद्धा थांबल्यासारखी वाटली.

"दिवाळीत उटणं," मी सावरून घेतलं. नागरमोथा, आंबेहळद, वाळा, संत्र्याची साल असं सगळं सांगितलं. तिने फॉर्मवर लिहिलं: नो रूटीन.

मग तिने मला पोअर्स समजावले. आधी वाफ देऊन ते उघडायचे, आतून साफ करायचे, मग थंड लावून बंद करायचे. ऐकायला हे धरणाच्या दरवाजांसारखं वाटतं. वास्तविक त्वचेच्या रंध्राला ना दार ना कडी. उघडमीट करायला लागणारे स्नायूच तिथे नाहीत. वाफेने आतला तेलमळ मऊ पडतो आणि सुटतो, एवढंच. आणि ज्या थराला चमक आणायला आपण हजारो रुपये मोजतो, तो सगळ्यांत वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो, जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास. खालून नव्या पेशी येतात, वरच्या झडून जातात. तरुणपणी साधारण चार आठवड्यांत हा फेरा पुरा होतो, वय वाढलं की आणखी वेळ घेतो. थोडक्यात, महिनाभर थांबलं तर नवी कातडी घरपोच मिळते.

दरपत्रक मात्र वाचनीय होतं. पंगतीचं नसतं एवढं लांब.

गोल्ड फेशियल. तोळा लाखाच्या वर गेलेला असताना कुणी आपल्या गालाला सोनं चोळून पाण्याने धुऊन टाकतं, यावर मी विश्वास ठेवावा अशी अपेक्षा होती. आपल्याकडे वरख मिठाईला लावतात, निदान पोटात तरी जातो. त्याखाली डायमंड. त्याखाली पर्ल. एवढं सगळं अंगावर घालून मिरवायची आपली रीत. अंगात जिरवायची ही नवी.

त्याखाली गोगलगाय. म्हणजे तिचा चिकट स्राव. कोरियाहून हे वेड आलं. २०२२ साली लातूर, बीड, उस्मानाबादकडे गोगलगायींनी कोवळं सोयाबीन फस्त केलं होतं. शेतकरी बांधाला चुना टाकत होते, पहाटे बॅटरी घेऊन त्या वेचत होते, दुबार पेरणी करत होते, आणि सरकारला नुकसानभरपाई जाहीर करावी लागली. त्या कोरियन बाटलीतली गोगलगाय वेगळ्या जातीची असेलही. तरी माझ्या डोळ्यांसमोर पोतंभर गोगलगायी वेचून मिठात टाकणारा तो शेतकरी आला. त्याला कुणी सांगितलंच नाही की सोयाबीन सोड, पीक तर पोत्यात आहे.

आणि सगळ्यांत खाली, बारीक अक्षरात, साल्मन. साल्मन माशाच्या वीर्यातून काढलेला डीएनए. मी मुलीला विचारलं, हे शनिवारी चालतं का? तिने गंभीरपणे उत्तर दिलं, "सगळे दिवस ओपन आहे, मॅम."

एक शब्द मात्र दरपत्रकात कुठेच नव्हता. गोरं. हा शब्द आता कुणी उच्चारत नाही. ब्राइटनिंग आहे, ग्लो आहे, इव्हन टोन आहे, डी-टॅन आहे. १९७५ साली बाजारात आलेल्या 'फेअर अँड लव्हली'ने २०२० साली नाव बदलून 'ग्लो अँड लव्हली' केलं, तेव्हापासून सगळ्या धंद्यानेच जीभ धुऊन घेतली. मन धुवायचं पॅकेज अजून निघालेलं नाही. आपल्या पूर्वजांनी उतावळ्या माणसासाठी "पी हळद नि हो गोरी" अशी म्हण करून ठेवली. ती चेष्टा होती. आता स्पामध्ये तीच सोय सलाईनने आहे. ग्लुटाथायोन नावाचं द्रव्य, जे आपलं शरीर घरच्या घरी बनवतं, ते बाटलीत भरून शिरेतून सोडतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने रंग उजळायच्या एकाही इंजेक्शनला मंजुरी दिलेली नाही. आपण ते एसीत, पाय लांब करून, हेडफोन लावून घेतो. हळद निदान खोकल्याला तरी उपयोगी पडायची.

इथे थोडं हसणं बाजूला. केरळात मलप्पुरम जिल्ह्यातल्या डॉक्टरांकडे २०२१ ते २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट आजाराचे बावीस रुग्ण आले. त्यातल्या पंधरांमध्ये एकच दुर्मीळ खूण सापडली, आणि त्या पंधरांपैकी तेरा जण गोरं करणारी क्रीम लावत होते. संशयित अर्थातच पारा. पारा त्वचेतला रंग रोखतो खरा, पण त्वचेवर थांबत नाही. दुसरीकडे स्टेरॉइडची क्रीम, जी लावली की आठवड्यात चेहरा उजळतो आणि सोडली की लाल होऊन पेटतो. हा प्रकार इतका वाढला की २०१८ साली सरकारला अशी चौदा मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत, असं फर्मान काढावं लागलं. "माझ्या मिस्टरांच्या दुकानातलं क्रीम आहे, सगळ्या नेतात," हे वाक्य कुणी कानात सांगितलं की आपण चिठ्ठी वगैरे विसरतो.

आणि हे फक्त आपल्याकडचं अडाणीपण असं समजून कुणी सुस्कारा टाकू नये. अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्यातल्या आल्बुकर्की शहरात परवाना नसलेल्या एका स्पामध्ये 'व्हॅम्पायर फेशियल' चालायचं. म्हणजे आपलंच रक्त काढायचं, चक्रीत फिरवायचं, त्यातला पिवळा भाग बारीक सुयांनी आपल्याच चेहऱ्यात टोचायचा. २०१८ साली तिथे गेलेल्या काही बायकांना एचआयव्ही झाला, आणि २०२४ साली अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने त्याचा अहवाल दिला. तपासणीत स्वयंपाकघराच्या ओट्यावर रक्ताच्या नळ्या सापडल्या, नाव ना गाव. आणखी काही फ्रिजमध्ये, खाण्याच्या पदार्थांच्या सोबतीला. आमच्या घरी फ्रिजमध्ये दह्याशेजारी मेंदीचा कोन ठेवला तर सासूबाई तो उचलून बाल्कनीत ठेवायच्या. तपासणी खात्यात जायला हव्या होत्या.

सासूबाईंवरून आठवलं. त्यांनी आयुष्यात भुवईचा एक केस काढला नाही. आणि त्यांची एक भुवई, फक्त डावी, जराशी वर गेली की स्वयंपाकघरातली भांडी आपोआप जागेवर जायची. भुवईचं मूळ काम कपाळाचा घाम डोळ्यांत जाऊ न देणं, हे पुस्तकात लिहिलेलं असतं. घरात तिची कामं वेगळी असतात.

आम्ही मात्र नव्वदच्या दशकातल्या. आम्हाला भुवई म्हणजे काढून टाकायची वस्तू असंच वाटायचं. १९९३ साली 'बाजीगर' आला, काजोल जुळलेल्या भुवया घेऊन पडद्यावर आली आणि तशीच राहिली. थिएटरमध्ये आम्ही तिच्यासाठी हळहळलो, बिचारीला पार्लर माहीत नाही का! आणि दुसऱ्या दिवशी जाऊन आपल्या भुवयांची आणखी बारीक रेघ करून घेतली. कंपासने काढल्यासारखी. लग्नाच्या अल्बममध्ये आमच्या बॅचच्या सगळ्या नवऱ्या एकाच गोष्टीने दचकल्यासारख्या दिसतात.

केस तसा सहनशील असतो. पण वर्षानुवर्षं उपटत राहिलं की त्याचं मूळ कधीतरी रुसतं आणि परत उगवायचं नाव घेत नाही. आता जाड भुवयांची फॅशन आली आणि आमची पिढी आरशासमोर उभी राहून विचारतेय, गेल्या कुठे? तीस वर्षं काढायचे पैसे दिले. आता लावायचे द्यायचे.

लावण्याला मायक्रोब्लेडिंग म्हणतात. त्यासाठी स्पामध्ये वेगळी खोली, वेगळी मुलगी. तिने आधी माझ्या कपाळावर रंगात बुडवलेला दोरा ताणून रेघा उमटवल्या, गवंडी भिंतीवर सूत मारतो तशा. मग तीन पायांचा एक कंपास काढला. "गोल्डन रेशो, मॅम. एक पॉइंट सहा एक आठ." शाळेत गणितात पस्तीसावर काठावर पास झालेली मी, उत्तर शेवटी माझ्याच तोंडावर निघालं. हिशोब लावून तिने सांगितलं की माझी उजवी भुवई डावीपेक्षा दीड मिलिमीटर खाली आहे. ५४ वर्षं या दीड मिलिमीटरने माझं काहीही अडलं नव्हतं. घरी येईपर्यंत मात्र मी रिक्षाच्या आरशात तीनदा बघितलं. विकली गेली ना वस्तू!

प्रक्रिया अशी. बधिर करायचं क्रीम लावायचं. पेनसारख्या दांड्याला ओळीने बारीक सुया बसवलेल्या, त्याने केसाएवढ्या चिरा पाडायच्या, एकेक करत, आणि त्यात रंग भरायचा. मग खपली धरते. ती खाजवायची नाही, काही दिवस घाम येऊ द्यायचा नाही. भुवई ज्या कामासाठी जन्मली तेवढं सोडून बाकी सगळं करायचं. चार-सहा आठवड्यांनी टच-अप. टिकतं वर्ष-दीड वर्ष. तेलकट त्वचेवर रेघा फिसकटतात, आणि रंग जुना झाला की कुणाचा राखाडी पडतो, कुणाचा लालसर. दर पंधरा हजार, टच-अप वेगळा.

माझ्या आजीच्या कपाळावर गोंदण होतं. हातावर तुळस, मनगटाशी तीन ठिपके. गोंदणारीण दारात येऊन बसायची, काजळी आणि सुया घेऊन. बदल्यात सुपात जोंधळे घालायचे. बधिर करायला आईने हात घट्ट धरलेला असायचा, तेवढंच. आजी म्हणायची, गेल्यावर अंगावरचं सोनं काढून घेतात, गोंदण तेवढं बरोबर येतं. ऐंशी वर्षं ते हिरवंगार राहिलं. टच-अप नाही. तेच काम, तीच सुई, तोच रंग. फरक इतकाच की आजीचं वरपर्यंत टिकणार होतं, आणि माझं पुढच्या गणपतीपर्यंत टिकलं तरी मिळवली.

"नको," मी म्हटलं.

"मग लॅमिनेशन करू या का? एकदम नॅचरल." लॅमिनेशन शब्दाने मला आधी रेशनकार्ड आठवलं. यात केस वर विंचरून चिकटवतात आणि पूर्वी केस कुरळे करायला जे पर्मिंगचं औषध लावायचे त्याच जातीचं औषध भुवईला लावतात. केसात गंधकाच्या जोड्या असतात, त्यांच्यामुळे केस आपला आकार धरून ठेवतो. पहिलं औषध त्या जोड्या सोडवतं, दुसरं त्यांना नव्या जागी बांधतं. पाच-सहा आठवडे भुवया वरच्या वर उभ्या राहतात, समोर कायम लाइटबिल धरलेलं असल्यासारख्या. त्यासोबत टिंट करायचा असेल तर रंग आधी कानामागे लावून दोन दिवस वाट बघायची असते, कारण काहींना त्याने डोळे सुजतात. मी विचारलं, पॅच टेस्ट? ती म्हणाली, "आपल्याकडे तसं काही होत नाही, मॅम." दीड मिलिमीटर मोजणाऱ्या मुलीला दोन दिवस मोजायचे नव्हते.

शेवटी व्हाउचरात बसेल असं एक साधं फेशियल झालं. खोटं कशाला बोलू, छान वाटलं. पाऊण तास कुणीतरी आपल्या कपाळावरून हलक्या हाताने बोटं फिरवतं, काही मागत नाही, कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या नसतात. मला झोप लागली. बायका तिथे त्वचेसाठी जातात असं ज्यांना वाटतं ते बहुधा नवरे असावेत.

काउंटरवर बिल आलं, व्हाउचरच्या वर आठशे सत्तर. मी म्हटलं, २२ सप्टेंबर २०२५पासून ब्यूटी पार्लरचा जीएसटी अठराचा पाच झालाय ना, मग दर तेच कसे? "इनपुट क्रेडिट गेलं ना, मॅम," मॅनेजर म्हणाला. चेहऱ्याचं सगळं मिलिमीटरमध्ये सांगणाऱ्या त्या दुकानात एवढं एकच उत्तर मोघम मिळालं. वर "मेंबरशिप घेतली तर सहा सिटिंग," म्हणून त्याने सहा बोटं दाखवली. त्याच्या भुवया मात्र सुंदर होत्या. विचारलं असतं तर सांगितलाही असता दर.

परवा वीस दिवस झाले. गल्लीत ताईकडे गेले. खुर्चीत बसले, मान मागे टाकली, आणि कोपऱ्यात प्लास्टिकने गुंडाळलेलं एक मशीन दिसलं. निळे दिवे, चार नळ्या.

"हे काय गं?"

"हायड्रा फेशियलचं आहे, काकू. हप्त्यावर घेतलंय." तिने दोरा दातात धरला होता, त्यामुळे शब्द अर्धे येत होते. "नवीन मुली आत येतात आणि पहिलं विचारतात, हायड्रा आहे का? नाही म्हटलं की आयब्रो करून जातात. चाळीस रुपयांत भाडं निघतं का? कोर्स केला दोन दिवसांचा. पाच तारखेला हप्ता जातो." पीळ घातला. "ताण धरा."

मी ताण धरला. उजवी बाजू झाली, डावी झाली, शिंक आली. आरसा दिला. मी पहिल्यांदाच नीट निरखून बघितलं.

"उजवी जरा खाली आहे का गं?"

"पहिल्यापासून आहे," ती म्हणाली. "मी वरून थोडी सोडते, खालून जास्त घेते. कळत नाही कुणाला." पंचवीस वर्षं ती ते करत होती आणि त्याचे वेगळे पैसे लावले नव्हते.

तारीख दोन होती.

"किती घेतेस त्या मशीनचे?"

"तुमच्याकडून काय घ्यायचं, काकू. बाराशे ठेवलेत. तुम्ही आठशे द्या." मग प्लास्टिक काढताना जरा थांबली. "म्हणजे, केलं तर. पोअर्स काही फार नाहीयेत तुमचे."

मी परत खुर्चीत टेकले. तिने भिंतीवर चिकटवलेला माहितीचा कागद एकदा ओठ हलवत वाचला, बटण दाबलं, मशीन घरघरलं, आणि एक नळी माझ्या गालाशी आणून ती म्हणाली, "चुरचुरलं तर सांगा हं, काकू. मला पण अजून माहीत नाही."